खालाच्या दोऱ्यातल्या गाठी

खाला माप घेताना आकडा कधी उच्चारत नसे. पांढरा दोरा कमरेभोवती फिरवायची, जिथं टोक जुळेल तिथं गाठ मारून दोरा खिळ्याला अडकवायची. "आकडा बोलला की पोरगी श्वास आत घेती," ती म्हणायची, "मग ब्लाऊज काचतो."

भवानीनगरला तिचं शिलाईचं दुकान आणि माझं मोबाईलचं. मधे फक्त एक पत्रा. अंगानं ती दांडगी. हसली की टेबलावरची कात्रीही हलायची. दर ईदला शिरखुर्म्याचा पहिला डबा माझ्याकडे.

दुकानाच्या जाहिरातीसाठी मी रील बनवायचो. माझं पोट दिसू नये म्हणून कॅमेरा गळ्याच्या वरच धरायचो, हेही सांगून टाकतो. एकदा तिच्या दारात मोबाईल धरून म्हणालो, "खाला, आज तुमचं माप!" तिनं खिळ्यावरचा कुणा गिऱ्हाइकाचा दोरा कमरेला लावला. टोकं जुळेनात. "पुरंना की रं भाऊ!" म्हणत ती पोट धरून हसली.

ते मी टाकलं. तुम्हीही पाहिलं असेल, हसला असाल. रीलखाली लोकांनी तिला म्हैस म्हटलं, पिंप म्हटलं. पोरांनी, बायकांनी, माझ्या वयाच्या बाप्यांनी.

"भाऊ, काढ की ते. नात म्हणती, शाळंत येऊ नको."

"काढतो," म्हणालो. काढलं नाही. त्या रीलमुळे पणदऱ्याहून, सांगवीहून गिऱ्हाईक यायला लागलं होतं.

ईद होऊन गेली, तरी चहा पुढे केला की ती म्हणायची, "रोजा हाय."

"अजून?"

"रमजानातलं राहिलेलं फेडतीय."

मी खुळा. "बारीक झालात की, खाला!" असं कौतुक केलं. ती लाजून हसली. तिला साखर होती. बारामतीहून गोळ्या आणून द्यायचो मीच, पण ती त्या उपाशीपोटी घेते का, हे कधी विचारलं नाही.

एका दुपारी तिचं मशीन थांबलं. पलीकडून काहीच आवाज येईना. मी गिऱ्हाइकाला कव्हर दाखवत होतो; ते दाखवून झाल्यावर उठलो. बारामतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

रील मी त्याच संध्याकाळी काढून टाकलं.

दुकान आवरताना तिच्या सुनेनं खिळ्यावरचा सगळ्यांत लांब दोरा माझ्यापुढे धरला. एकाच दोऱ्याला ओळीनं गाठी, प्रत्येक गाठ आधीच्या गाठीपेक्षा बोटभर आत.

"ह्यो कुणाचा ओ, दादा?"

मी ओळखला होता.

"असंल," म्हणालो, "कुणा गिऱ्हाइकाचा."