मिठाची भिंत

भिंत चाटून बघणारं गिऱ्हाईक मामींनी पहिल्यांदाच पाहिलं असणार. मी स्वयंपाकघरातल्या भिंतीचा पोपडा नखानं काढला, जिभेवर ठेवला आणि म्हटलं, "खारट!" दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आम्ही चेन्नईत, वेस्ट मांबलममध्ये जुना फ्लॅट शोधत होतो. हा स्टेशनजवळचा, हवेशीर आणि आम्हाला झेपणारा होता. का झेपतोय ते मामींनी दारातच सांगून टाकलं. नवऱ्याच्या आजारपणात घर बँकेकडे गहाण टाकलं, नवरा गेला, कर्ज राहिलं. आम्ही पैसे बँकेत भरले की बँक कागद सोडणार होती. इथवर ठीक होतं, पण मामी तेवढ्यावर थांबल्या नाहीत.

"आणखी एक सांगतें मा. ह्यांस बिल्डरानं फसविलं. समुद्राची वाळू घातली घरास. मागून माझ्या नावानं बोटं मोडूं नका."

मामी म्हणजे माझी नात्यातली कुणी नव्हे. इथं वयानं मोठ्या बाईला मामी म्हणतात. त्या तंजावरकडच्या मराठी. आम्ही कोल्हापूरचे आहोत म्हटल्यावर हौसेनं मराठी बोलायच्या. शब्द आपले, हेल तमिळ. मी कान देऊन ऐकत राहायची.

समुद्राची वाळू न धुता बांधकामात घातली की तिच्यातलं मीठ आतल्या सळया खातं. सळया गंजून फुगल्या की छताला तडे जातात. हे ऐकून आधीची गिऱ्हाइकं पळाली होती. माझा नवराही खुणेनं "चल" म्हणत होता. पण मी मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गंज तपासते. भागांवर मिठाचं पाणी फवारायचं आणि कुठून गंज धरतो ते बघत बसायचं, हेच माझं काम. आता मीठ समोर आल्यावर मी कशी हलणार? वाळू वाईट असेल तर ती सगळ्या घरात असणार. मग पोपडे एकाच भिंतीला का?

रविवारी मी पुन्हा गेले. नवरा कुरकुरत आला. मी लहान हातोडीनं भिंती ठोकत फिरले. हॉल, बेडरूम, बाल्कनी, सगळीकडे आवाज भरीव. छताला तडा नाही. पोकळ आवाज फक्त स्वयंपाकघरातल्या त्या भिंतीचा. मग प्रत्येक खोलीतलं थोडं प्लास्टर खरवडलं. मामींनी पाहुण्यांचे काचेचे ग्लास काढून दिले. त्यांत बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ओतलं, एकेक नमुना टाकला आणि लॅबमधून मागून आणलेल्या औषधाचे थेंब सोडले. मीठ असलं की पाणी पांढरं होतं. स्वयंपाकघराचा ग्लास दुधासारखा झाला. बाकीचे नितळ.

"बाकीच्यांत कांहीं नाहीं?" मामींनी विचारलं. त्यांचा माझ्यावर फारसा विश्वास दिसत नव्हता.

मी त्या भिंतीपुढे फतकल मारून बसले. डाग एका कोनाड्यापासून सुरू होऊन खाली पसरत गेला होता. कोनाड्याच्या वर भिंत कोरडी ठणठणीत. कोनाड्याच्या कडप्प्यावर गोल खूण.

"मामी, इथं काय असायचं?"

"मिठाचं मडकं. घर दाखवायचं म्हणून मोरीत नेऊन ठेवलं."

मी मोरीत धावलेच. साधं मातीचं मडकं, बाहेरून पांढरं झालेलं, हात लावला तर ओलं. इथली रीतच अशी, की शुक्रवारी खडेमीठ घरात आणायचं आणि मीठ कधी संपू द्यायचं नाही. मामी या घरात राहायला आल्यापासून दर शुक्रवारी त्या मडक्यात भर घालत आल्या होत्या. चेन्नईच्या दमट हवेत मीठ पाझरतं, मातीचं मडकं ते बाहेर सोडतं, आणि भिंत वर्षानुवर्षं ते पाणी पीत बसलेली.

मी टाळीच वाजवली. "मामी, वाळू एकदम चांगली आहे! हे मडक्यातलं मीठ! नवं प्लास्टर केलं की झालं!"

मला वाटलं, त्यांना आनंद होईल. घर विकलं जाणार, कर्ज फिटणार. त्या स्टुलावर बसल्या. "पुन्हा सांग मा," म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं, आता सावकाश.

"हे तेंच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "बांधकाम चाललं तेव्हां सायकलीनं येत, वाळू मुठींत घेऊन बघत. वाळू नदीची, मी पाहिली आहे, म्हणत. पोपडे पडूं लागले तशी मी म्हटलें, तुम्हांस कोणीही फसवितो. पाहुणे आले कीं असक्यांसमोर, चारचौघांत म्हटलें. पुढें त्यांनीं बोलायचंच सोडलं."

मग कोनाड्याकडे बघत म्हणाल्या, "आस्पत्रींत, खाटेशीं बसूनही म्हटलें मा."

माझा आनंद जागच्या जागी विरला. "तुम्हाला कुठं ठाऊक होतं, मामी," असं काहीतरी मी बोलले. त्यांनी ऐकलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी घर चांगलं निघाल्याचं बरंही वाटत होतं.

घर आम्ही घेतलं. बँकेनं कागद सोडले. प्लास्टर नवं झालं. किल्ली द्यायला मामी आल्या तेव्हा हातात खडेमिठाची पुडी होती. नव्या घरात आधी मीठ जायला हवं. "काचेच्या बरणींत ठेव," म्हणाल्या.

हॉलमध्ये त्यांच्या यजमानांचा फोटो तेवढा न्यायचा राहिला होता. त्यांनी तो खिळ्यावरून काढला, पदरानं पुसला. मला वाटलं, आता निघतील. पण त्या फोटो घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, आणि त्या भिंतीकडे तोंड करून तो दोन्ही हातांनी उंच धरला.

"बघा," त्या म्हणाल्या, "तुमची वाळू चांगलीच होती."

मी किल्ली घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. घर आमचं झालं होतं, पण आत पाऊल टाकवेना.