वाचनालयाची रस्त्याकडची खिडकी

वडगावच्या आमच्या वाचनालयाला वरचा मजला मिळाला तेव्हा मी कार्यवाह होते. मांडणीची यादी मीच केली, एकोणीस कलमांची. चौथं कलम मला फार आवडलेलं: वाचनकक्ष वर, मागच्या बाजूला; शांतता, उजेड, धूळ नाही. खाली रस्त्याकडच्या खिडकीला पुस्तकांची कपाटं लावून टाकली.

सोमवारी वाचक वर गेले. बुधवारी वर फक्त पंखे होते.

आणि शुक्रवारी जिल्ह्याहून निरीक्षक येणार होते. बसून वाचणारी माणसं दिसली नाहीत तर वाचनालय ‘ब’ वर्गातून ‘क’मध्ये जाणार, तेही मी कार्यवाह असताना.

वाचक शोधायला बाहेर पडले, तर पायरीवरच कार्ल्याच्या मावशी सापडल्या. त्यांचं कार्ल्यात छत्र्या-चपलांचं दुकान. मालासाठी वडगावला आल्या की गाडी येईपर्यंत आमच्याकडची एक खुनाची कादंबरी थोडी थोडी वाचायच्या. घरी नेत नसत. घरी सून आधी शेवट वाचून सांगून टाकायची. आताही एक डोळा पुस्तकात होता, एक रस्त्यावर.

“मावशी, वर बसा की. किती शांत आहे.”

“लय शांत हाय. पर तितनं येष्टी कुटं दिसती?”

शेजारी बेडशाचे आबा बसले होते. “मी गेलतो वर. अशी झोप लागली, दोन गाड्या गेल्या. बाई, तुमी वाचनालय केलंय का लॉज?”

चौथं कलम मी तिथंच खोडलं. गुरुवारी टेबलं खाली आणली, कपाटं वर चढवली. आबा जिन्यात उभं राहून सगळ्यांना सूचना देत होते.

शुक्रवारी निरीक्षक आले तेव्हा खिडकीपाशी चौदा वाचक पेपरात डोकं घालून बसलेले. साहेब खूश. पेन उघडलं. तेवढ्यात आबा ओरडले, “लोणावळा आली!”

अर्ध्या मिनिटात खुर्च्या रिकाम्या.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “बाई, हे वाचनालय आहे की बसथांबा?”

“जरा हळू बोला वो,” कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या. त्या उठल्याच नव्हत्या.

“मावशी, तुमची गाडी गेली!”

“जाऊ द्या. खुनी घावाय लागलाय.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांनाही लोणावळ्यालाच जायचं होतं आणि पुढची गाडी पाऊण तासाने होती. शेवटी ते मावशींच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि पेपर ओढला.

मी वाचकांची हजेरीवही त्यांच्यापुढे सरकवली. “इथे सही. वाचक म्हणून.”

त्यांनी केली. ‘ब’ वर्ग टिकला.