बोटावरची दोरी

राजूचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गावर होते. फळ्यावर अर्धं गणित लिहून झालं होतं. राजू म्हणजे माझा धाकटा दीर. मी शाळेत असले की घरी यांच्याजवळ तोच बसायचा. "वहिनी, घरी या," एवढंच तो म्हणाला आणि पुढे नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. या फोनची तालीम मनात कितीतरी महिने चाललेली होती, तरी हातातला खडू खाली ठेवायचं मला सुचलं नाही. कामरगावची शाळा ते आमचं घर हे अंतर त्या दिवशी कसं कापलं ते आठवत नाही... घरात शिरले तेव्हा पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केलेली होती. सकाळी मी दाढी करून दिलेला चेहरा तसाच स्वच्छ होता. खोलीत श्वासाच्या यंत्राचा आवाज मात्र नव्हता. राजूनं ते बंद केलं होतं. माझ्या मुठीत खडूचा चुरा झाला होता.

माझे पती देवानंद यांना जाऊन महिना उलटला. भेटायला येणारे त्यांच्या आजाराविषयी बोलतात, माझ्या धीराविषयी बोलतात. धीर वगैरे काही नव्हता. आम्ही दोघांनी शेवटपर्यंत जे केलं ते निव्वळ हातपाय मारणं होतं, बुडणारा माणूस मारतो तसं. आणि त्यांचे तर हातपायही चालत नव्हते. ते नेमकं काय होतं, ते लिहून ठेवावंसं वाटतं.

बसस्टँडजवळ त्यांचं मोटारी भरण्याचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी यायच्या आणि ते जुनी तार काढून नवी भरून द्यायचे. तांब्याची तार चिमटीत धरली की डोळे मिटून तिची जाडी सांगायचे. हीच चिमूट त्यांनी मासेमारीत नेली. लहानपणी बांबूच्या काडीला गळ बांधून तलावावर बसणारा पोरगा मोठेपणी रॉड, रील आणि रबरी आमिषांच्या नादाला लागला. दुकानाच्या सुट्टीला धनजकडच्या तलावावर गेले की संध्याकाळीच परतायचे. सासूबाई विहारातून येताना मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायच्या, "पंचशील म्हणते तोंडानं, अन् गळ टाकते हातानं." हे हसायचे आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या ताटात मरळीचा रस्सा वाढायचे. सासूबाई खायच्या.

रॉड घ्यायला अमरावतीला गेलो की दुकानदार वैतागायचा. हे एकेक रॉड हातात घेऊन आडवा धरत, टोक छताला टेकवून दाबून पाहत, कुठून वाकतो ते बघत. मला कंटाळा आला की समजावून सांगत. मरळ राहते शेवाळात, कमळाच्या पानांखाली. तिथं लवचीक रॉड नेला तर मासा दोरी घेऊन मुळांत घुसतो. म्हणून रॉड ताठ हवा, फक्त टोकाला थोडा नरम. नायलॉनची दोरी शेवाळात घासून तुटते, म्हणून विणलेली दोरी, जी शेवाळ कापत येते. आणि आमिष म्हणजे रबराचा बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून सरकत येतो, अडकत नाही. "मरळीनं बेडूक धरला की लगेच झटका नाई द्यायचा," ते सांगत. "तिले तोंड मिटू द्यायचं. एक दम घ्यायचा, मंग झटका." मी ऐकत असे आणि घरी भाजीला काय करायचं याचा विचार करत असे.

आजार आला तो एका गाठीतून. पावसाळा सरून पाणी निवळलं होतं. ओसरीत बसून ते बेडकाला दोरी बांधत होते. ही गाठ त्यांनी आयुष्यभर न बघता मारलेली. त्या दिवशी उजव्या हाताचा अंगठा दोरीला धरीच ना. दोरी सुटायची, परत धरायचे, परत सुटायची. "थंडीनं बोटं आखडली," म्हणाले. थंडी अजून पडायची होती. पुढे दुकानात तार निसटायला लागली. मग तलावावरून आल्यावर म्हणाले, रॉड जड लागते, रीलच बदलून टाकतो. रील बदललं. तरी रॉड जडच.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली असेल. नागपूरला हातापायांत सुया टोचून तपासण्या झाल्या आणि तिथल्या डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं, की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. आधी हात जातील, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. "पण स्पर्श कळेल, डोकं शाबूत राहील," असंही म्हणाले, जणू काही ती चांगली बातमी होती. परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले होते. कारंजा आलं. मग म्हणाले, "म्हणजे रॉड जड नव्हता, वंदना." आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्यानंतर आम्ही वेड्यासारखं वागलो. केनवडकडे एक माणूस झाडपाल्याचं तेल देतो असं कुणी सांगितलं, तर तिकडे खेटे घातले. त्या तेलानं हातांची कातडी सोलली, बोटं मेली ती मेलीच. कशानंच काही होत नाही हे दोघांनाही कळत होतं, फक्त कुणी बोलून दाखवत नव्हतं. आणि तिकडे रॉडचा शोध चालूच होता. जसजसा हात जात होता तसतसा हलका रॉड येत होता. उजव्या हाताचं रील डाव्या हातावर आलं. मग मनगटाचा पट्टा आणला आणि रॉडची मूठ कोपरापर्यंत सायकलच्या ट्यूबनं बांधली. पण हलक्या रॉडनं जड बेडूक फेकता येत नाही. हलकं आमिष घेतलं तर ते दूर जायला दोरी बारीक लागते. आणि बारीक दोरी शेवाळात मरळीपुढे टिकत नाही. म्हणजे हाताला जे झेपेल त्यानं मासा निघणार नाही, आणि ज्यानं मासा निघेल ते हाताला झेपणार नाही. हा हिशेब त्यांनी मला अगदी शांतपणे समजावून सांगितला. त्याच आठवड्यात एक मोठी मरळ लागली. ट्यूबनं बांधलेला रॉड पुरा वाकला, दोरी पानांत शिरली आणि तुटली. हे काठावर तसेच बसून राहिले. मी त्यांच्या हाताची ट्यूब सोडायला गेले तर म्हणाले, "राहू दे. सोडलं का मंग परत बांधता येत नाई."

पुढच्या वर्षीचा हिवाळा संपताना ते चाकाच्या खुर्चीवर आले. राजू त्याच्या प्रवासी ऑटोतून खुर्चीसकट आम्हाला तलावावर सोडायचा आणि धनजच्या फेऱ्या मारून घ्यायला यायचा. तेव्हा शब्द जड झाले होते, पण मला कळत होते. एका संध्याकाळी राजू यायच्या बेताला ते म्हणाले, "तू राजूसंगं घरी जाय. मले इथंच राहू दे."

"इथं काय करता एकटे?"

"काई नाई. फक्त चाकाखालचा दगड काढून जाजो."

खुर्ची उताराला होती आणि उतार सरळ पाण्यात जात होता. रागवावं, रडावं, त्यांचे पाय धरावेत, काय करावं कळेना. मग माझ्या तोंडून निघालं, "उद्या आणते परत. आज चला."

"उद्या काहून?"

"उद्या मी गळ टाकीन. तुमी सांगा, मी टाकते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते हसले की काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण तोवर आजारामुळे त्यांचं हसणं आणि रडणं एकमेकांत मिसळलं होतं, चेहरा दोन्हीला सारखाच व्हायचा. पण दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आणि त्यानंतर रोज मी त्यांना उद्याचं कबूल करूनच घरी आणत गेले. दुसरं काही माझ्याकडे नव्हतंच.

मी टाकलेले पहिले गळ मागच्या बाभळीत अडकले. "मनगट नाई... कोपर," ते खुर्चीवरून सांगत. "रॉडले वाकू दे... थोच फेकते." गाठ मारायला शिकले ती त्यांच्या तुटक शब्दांवरून: दोरी गळाच्या डोळ्यातून काढ, पाच वेढे दे, टोक परत घाल, थुंकीनं ओली कर, मग ओढ. शब्द नीट कळला नाही की पुन्हा विचारायचं, आणि पुन्हा सांगताना त्यांना धाप लागायची. कधी चिडून ते बोलायचंच थांबत. मीही चिडायचे. काठावर आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलो आहोत, असंही झालंय... फरक एवढाच की त्यांना पाठ करता येत नव्हती, मीच करायचे.

एकदा रील गुंडाळताना दोरी त्यांच्या हातावरून घासून गेली. त्यांनी घशातून आवाज काढला. मला वाटलं, कापलं. तर म्हणाले, "परत. बोटावर ठेव." खुर्चीच्या हातावर निपचित पडलेल्या त्यांच्या पहिल्या बोटावर मी दोरी ठेवली आणि हळू ओढत राहिले. "बोट हालत नाई," ते म्हणाले, "पण कळते."

तिथून सगळं सामान पुन्हा बदललं, शेवटचं. आता रॉड त्यांच्या हातासाठी निवडायचा नव्हता, माझ्या हातासाठी आणि त्यांच्या बोटासाठी निवडायचा होता. नायलॉनची दोरी ताणते, त्यामुळे माशाचा धक्का वाटेतच जिरतो, म्हणून विणलेलीच दोरी, पण बारीक. ती शेवाळात चालत नाही, म्हणून आम्ही शेवाळ सोडून बांधाच्या बाजूला मोकळ्या पाण्यावर आलो. बेडूक वर तरंगतो, बोटाला काही सांगत नाही, म्हणून तो सोडला आणि रबराची छोटी मासोळी घेतली, शिशाच्या डोक्याची, जी तळाला टेकत टेकत येते. रॉड सडसडीत, टोकाला कडक, प्रत्येक खडा कळवणारा. एवढं ठरवेपर्यंत त्यांचं बोलणं बंद पडलं होतं. मी दुकानातून मोबाइलवर एकेका रॉडचा फोटो पाठवायचे, राजू तो त्यांना दाखवायचा. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. त्यांनी कितीतरी रॉडना नाही म्हटलं. दुकानदार तसाच वैतागला. मला त्या दिवशी त्याचा वैताग गोड लागला.

मग आमचं असं चालायचं. मी मासोळी लांब फेकायची, डावीकडे त्यांच्या खुर्चीजवळ येऊन दोरी त्यांच्या बोटावर घ्यायची आणि हळू ओढत राहायचं. ते डोळे मिटत. तळाला खडक लागला की भुवई किंचित वर जायची, चिखल लागला की चेहरा सैल पडायचा. ज्या तलावाच्या काठावरून ते आता एक पाऊल टाकू शकत नव्हते, त्याच्या तळावरून ते बोटानं फिरून येत. आणि मासा टोचला की डोळे उघडत. मी त्यांच्या डोळ्यांकडेच बघत असायचे. उघडले की थांबायचं. पापणी एकदा मिटली की झटका. हा थांबायचा वेळ त्यांचा होता. मला बोटात काही कळायच्या आत त्यांना कळलेलं असे.

पहिली मरळ निघाली तेव्हा मी ती त्यांच्या मांडीवर ठेवली. ओली, काळी, शेपटी आपटणारी. त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला त्यानं धुणं धुणाऱ्या बायका पाण्यातून उठून बघायला लागल्या. हसत होते की रडत होते, मला तेव्हाही कळलं नाही. मी विचारलं, "घरी न्यायची?" दोनदा डोळे मिटले. मी मासा सोडला. आजार काही त्या मरळीमुळे बरा होणार नव्हता. पुढच्या महिन्यात नळीनं अन्न सुरू झालं, मग रात्रंदिवस यंत्र. शेवटच्या खेपेला यंत्राची बॅटरी पुरेल तेवढाच वेळ आम्ही बसलो. मासा लागला नाही. त्यांचे डोळे सबंध वेळ मिटलेले होते आणि मी फेकत राहिले, ओढत राहिले. राजू ऑटो घेऊन आला तेव्हा मी सवयीनं म्हटलं, "उद्या." त्यांनी डोळे दोनदा मिटले.

ते गेल्यावर विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. रॉड कुणाला तरी देऊन टाका, घरात ठेवलं की जीव तुटतो, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. एका रविवारी सासूबाईंनीच तो सडसडीत रॉड कोपऱ्यातून काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "जाऊन ये."

राजूनं बांधाजवळ सोडलं. मी मासोळी बांधली, गाठ ओली केली, फेकली. दोरी माझ्या बोटावर घेतली. डोळे मिटले. खडक कळला, मग चिखल कळला, मग पुन्हा खडक. त्यांनी रोज काय पाहिलं ते मला पहिल्यांदा दिसलं... आणि टक्, असा एक टोला बोटात आला. मरळच होती. दोरी बोटावरून सरकायला लागली. एक दम घ्यायचा, मग झटका. हे मला पाठ होतं. पण मी झटका दिला नाही. मी डावीकडे वळून, ते पापणी कधी मिटतात ते बघत राहिले. तिथं गवत होतं. दोरी सैल पडली.

मी तेव्हापासून दर रविवारी जाते. राजू म्हणतो, "वहिनी, टोला तं तुमाले कळून राह्यला, मंग झटका काहून देत नाई?" मासा टोचतो, मी डावीकडे बघते, मासा जातो. अजून एकही निघालेला नाही.