उजव्या हाताचा योयो

पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं दारात उभं राहून योयो खेळावा, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. पण मी खेळलो. हौस म्हणून नाही, हात मोडला म्हणून.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी यंत्रमागावर टॉवेल विणतो. मिसरूड फुटायच्या आत सांगोल्याहून सोलापुरात आलो तो थेट मागावरच उभा राहिलो. मागच्या उन्हाळ्यात कामावरून परतताना गाडी खडीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात काही वळेना. तळहात वर व्हायलाच तयार नाही. देवळात प्रसादाला डावा हात पुढं केला तर पुजारी रागावले. "मोडलाय हो," म्हटलं, तर म्हणाले, "मग डाव्याचा आधार द्या की!" आधारानं वळत असता तर मी कशाला रडलो असतो?

मागावर धागा तुटला की दोन्ही हातांनी चटकन गाठ मारावी लागते. हात वळला नाही तर काम गेलं, इतकं सरळ होतं ते. शेठनी माझे माग तेवढ्यापुरते दुसऱ्याकडं दिले होते. "बरं झालं की या," म्हणाले होते खरे, पण सारखा फोन करून विचारायचे. तोवर घर बायकोच्या शिलाईवर चाललं होतं. ती घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते. तोंडानं काही बोलायची नाही. मशीन मात्र पहाटेच सुरू व्हायचं.

डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितलं. तो घ्यायला खेळण्यांच्या दुकानात गेलो, तर तिथं योयो टांगलेले. दुकानदारानं एक खेळून दाखवला. तळहात वर, कोपर उचललेलं, आणि झपकन हात वळवून खाली. अरेच्चा, माझा अडलाय तो नेमका हाच वळसा! चेंडू राहिला बाजूला.

"कुठला देऊ, मामा?" त्यानं विचारलं.

टॉवेलवाल्याला हे काय विचारायचं? आमच्यात माल हातावर तोलून बघतात. जड तो चांगला, हलका तो पातळ. मी एकेक योयो डाव्या हातावर तोलला आणि सगळ्यात जड, धातूचा, चकचकीत असा उचलला. "शिकायला प्लास्टिकचा न्या, मामा," दुकानदार म्हणाला. मला वाटलं, ह्याला पडून राहिलेला माल खपवायचाय.

घरी येऊन सोडला. गेला खाली आणि तिथंच गरगरत बसला. वर यायचं नाव नाही. ओढला, झटकला, दोन शिव्याही घातल्या. बायको मशीनवरून बघत होती. म्हणाली, "अहो, रुसून माहेरी गेलेल्या बाईसारखा बसलाय की त्यो. न्यायला जावा आता."

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं दुकानात गेलो. त्यानं नीट समजावलं. असले रुंद, बेअरिंगचे योयो आपणहून वर येत नाहीत. त्यांना वर आणायची युक्ती वेगळी, ती हात बसल्यावर. नवशिक्याला साधा, अरुंद, झटका दिला की परत येणारा हवा. तसला बदलून दिला, दोरा सुटा दिला आणि जमिनीपासून बेंबीपर्यंत माप ठेवा म्हणाला. एवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. दोरा बसवायचा कसा, हे विचारायचं मला सुचलंच नाही. उभा जन्म धाग्यात गेलेला माणूस मी, दोऱ्याचं काय विचारायचं?

माझी बोटं चालत नव्हती, म्हणून दोरा बायकोकडं दिला. तिनं योयोच्या मधल्या दांडीला करकचून गाठ मारली. आमच्या घरात मोकळं टोक दिसलं की कोणाचाही हात गाठच मारणार. मग योयो खाली गेला रे गेला की उलटा येऊन बोटांवर टणकन बसायचा. खाली क्षणभर फिरत राहणं नाहीच. हिसक्यानं मनगट ठणकायला लागलं. कितीतरी दिवस आम्ही दोघं त्या दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत होतो. शेवटी मोबाईलवर एकाला दोरा बसवताना बघितलं. तो बांधायचाच नसतो! दुहेरी पिळाचं टोक उलगडायचं, त्या फासात दांडी अडकवायची आणि मोकळी ठेवायची.

"न बांधता? सुटंल की ओ!" बायको म्हणाली. नाही सुटला. खाली जाऊन छान फिरत राहिला आणि हलक्या झटक्यानं वर आला. मला लहान पोरासारखा आनंद झाला.

मग रोज दुपारी जेवण झालं की मी दारात, लिंबाखाली. ते जेवणही गरम, मांडी घालून केलेलं, मागाशेजारी उभ्यानं उरकलेला गार डबा नव्हे. खेळून झालं की जरा आडवा व्हायचो. मागांच्या खडखडाटानं कान इतके बधिर झाले होते की बायको माझ्याशी ओरडूनच बोलायची. आता ती साध्या आवाजात बोलायला लागली होती. मी आळशी माणूस नाही हो. पण मी दमलो होतो. किती वर्षांचा दमलो होतो, ते बसायला मिळाल्याशिवाय कळलंच नाही. हात बरा व्हावा म्हणून योयो टाकायचो आणि त्याच वेळी मनातून वाटायचं, एवढ्यात नको.

एका दुपारी मी आपला खेळत होतो. योयो खाली फिरला, वर आला, पंजात बसला. मशीन एकदम थांबलं. बायको धावतच दारात आली.

"अहो, हात! हात वळला की तुमचा!"

बघतो तर तळहात सरळ वर. मला पत्ताच नव्हता. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला, उलटासुलटा करून बघितला आणि कपाळाला लावला. "सुटले गं बाई," म्हणाली आणि मटकन उंबऱ्यावर बसली. तेव्हा मी तिचे डोळे बघितले. शिवून शिवून लालभडक झालेले.

तिनंच शेठना फोन लावला. "व्हय शेठ, बरा झाला हात. सोमवारपास्नं येत्यात."

अजून आठ दिवस थांब म्हण, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. कुठल्या तोंडानं म्हणणार?

फोन ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. "आनंद न्हाय झाला व्हय तुमाला?"

"झाला की," म्हणालो आणि भिंतीकडं तोंड करून ढसाढसा रडलो. तिला वाटलं, आनंदानंच रडतोय. उठून जवळ आली आणि कितीतरी वेळ पाठीवरून हात फिरवत राहिली.