काकांनी न प्यायलेला चहा

फोन वाजला, स्क्रीनवर ‘वसंतकाका दुकान’ असं आलं आणि मी सवयीनं घसा खाकरून भारदस्त आवाज लावला, “हां, बोलिए, क्या समस्या है?” आमचं ठरलेलंच होतं ते. काकांचा फोन आला की मी सरकारी साहेब व्हायचं आणि त्यांनी लगेच गाऱ्हाणं सुरू करायचं. पलीकडून काहीच येईना, म्हणून मी आणखी चढलो. “अरे भई, बोलिए भी, हमारे पास टाइम नहीं है!” मग काकूंचा आवाज आला... “अरे, मी बोलतेय. काका गेले रे सकाळी.”

पुढे मी काय बोललो ते आठवत नाही. कुठल्या आवाजात बोललो तेही नाही.

वसंतकाका माझे सख्खे काका नव्हेत. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे सगळेच एकमेकांचे काका. बड़ा बाज़ारात त्यांचं बटणं, लेस, अस्तराचं दुकान. दुकान म्हणजे काय, दोन गिऱ्हाइकं आत आली की काकांनी बाहेर यायचं. बाज़ार त्यांना दादाजी म्हणायचा, कारण छोट्या दुकानदारांचं म्हणणं घेऊन साहेबलोकांकडे जायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. पगार नाही, गाडी नाही, एक इस्तरीचा शर्ट तेवढा या कामासाठी वेगळा ठेवलेला.

गेली दोन वर्षं एकच मागणी चालली होती. बाज़ारात दिवसा माल आणणाऱ्या गाड्यांना सरकारी बंदी आली. मोठ्या शोरूमवाल्यांना काय, त्यांची गोदामं बाहेर आहेत, माणसं रात्री माल भरतात. पण ज्याचा माल ई-रिक्शातून दोन गठ्ठे येतो, त्यानं काय करायचं? डोक्यावर वाहायचा? काकांचं म्हणणं एवढंच, की दुपारचे दोन तास, गर्दी नसते तेव्हा, ई-रिक्शा आत सोडा. शेजारचे बर्तनवाले कुशवाहाजी तर म्हणायचे, “दादाजी, ये न हुआ तो दिवाली बाद शटर गिरा देंगे।” आणि ते गंमत करत नव्हते.

प्रत्येक भेटीआधी दुपारी दुकानात तालीम व्हायची. मी गोल स्टुलावर साहेब बनून बसायचो, काका समोर उभे आणि मधे काउंटरवर चहाचा कप. त्या कपाला काका हात लावायचे नाहीत. खऱ्या साहेबांकडेही तेच. ई-रिक्शा कधीपासून सोडणार ती तारीख मिळाल्याशिवाय चहा नाही. “एकदा चहा घेतला की आपण पाहुणे झालो रे. मग मागणार कोण?” तारीख मिळायची नाहीच. मग बाहेर येऊन टपरीवर स्वतःच्या पैशानं प्यायचे, फुर्रर्र आवाज करत.

माझे साहेब मात्र एक से एक! पान चघळणारा, फोनवर बायकोला घाबरणारा, “अगले हफ्ते आइए” म्हणत झोपी जाणारा. कुशवाहाजी हसून हसून गल्ल्यावर डोकं ठेवायचे. काकाही हसायचे, मग म्हणायचे, “असे आता कुठे असतात? गोड साहेब कर ना एखादा. नमस्कार करणारा.”

“गोड साहेबावर कोणी हसत नाही, काका.”

“मला हसायचं नाहीये बाबा. मला आत जायचंय.”

मी ते कधी केलं नाही. एकदाही नाही.

काका गेल्यावर पंधरवड्यातच साहेबांची भेट होती, त्यांनीच मागून ठेवलेली. कुशवाहाजी म्हणाले, “भैया, तुम चलो। दादाजी की आवाज़ तो तुम्हारे ही पास है।” मी फुगलोच जरा, खरं सांगतो. गेलो. साहेब तरुण, खुर्चीतून उठून हात जोडून उभे. “दादाजी तो हमारे पिता समान थे।” आम्ही सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहिलो. बसतोय तोच चहा आला, काजूची बिस्किटं आली. काय काय बोलायचं ते माझ्या डोक्यात होतं, दोन वर्षं ऐकलेलं. तोंड उघडणार एवढ्यात साहेब माझ्याकडे बघून हसले, “आप वही हैं ना, मिमिक्री वाले? ज़रा दादाजी का कुछ सुनाइए।”

आणि मी ऐकवलं...

काकांचं ते आधी चष्मा पुसणं, “तो साहब, बात ऐसी है” म्हणणं, शेवटचा शब्द लांबवणं. खोली हसली. साहेबांनी डोळे पुसले. “वाह, लगा जैसे सामने खड़े हैं।” मी खुशीत कप उचलला आणि प्यायलो. मी प्यायलो म्हणून सगळे प्यायले. साहेब उठले, पुन्हा हात जोडले. “आप लोगों की बात हमारे ध्यान में है।” कुठली बात? आम्ही काही बोललोच नव्हतो. काकांचा आवाज त्या खोलीत सगळ्यांनी ऐकला, त्यांचं म्हणणं कोणीच नाही.

जिन्यावर कुशवाहाजी एवढंच म्हणाले, “चाय अच्छी थी।” शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शोकसभेत बोला म्हणून मला बोलावलं होतं, मी तापाचं कारण सांगून घरी पडून राहिलो. बाज़ारातून जायचं तर मागच्या गल्लीनं.

शेवटी काकूंनीच बोलावलं. आता दुकान त्या बघतात. मी सगळं सांगून टाकलं, त्या लेस गुंडाळत ऐकत होत्या. मग उठल्या, स्टोव्हवरचा चहा ओतून कप काउंटरवर ठेवला आणि पदर सावरून त्या गोल स्टुलावर बसल्या. माझ्या जागेवर. हात जोडले आणि इतक्या मऊ हिंदीत बोलल्या की माझ्या अंगावर काटा आला, “आइए बेटा, बैठिए। पहले चाय तो लीजिए।” दोन वर्षं त्या मागच्या फळीआड आमचा चहा करता करता सगळं ऐकत होत्या म्हणे. गोड साहेब घरातच होता.

मी सुरू केलं, “तो साहब, बात ऐसी है...”

“त्यांच्या आवाजात नको,” काकू मराठीत म्हणाल्या. “ते करून झालंय तुझं.”

माझा स्वतःचा आवाज भलताच बारीक निघाला. दुपारचे दोन तास, ई-रिक्शा, दोन गठ्ठे... अडखळत सगळं सांगितलं. मधेच काकू कप माझ्याकडे सरकवत, “ठंडी हो रही है, लीजिए ना।” चहावर साय धरली. मी म्हणालो, “पहले तारीख बताइए, साहब।”

स्टुलावरच्या साहेबांनी तारीख दिली नाही. गोड हसून म्हणाले, “कल आइए।” उद्या दुपारी परत जायचंय.