वायरमन काकांच्या हातातली डीपी

वायरमन काका कोणालाही भेटले की 'जय भीम' करून झाल्यावर आपला डावा हात थेट समोरच्याच्या कानाशी न्यायचे. "ऐक बरं. डीपी गुणगुणून राह्यली का नाई?" समोरचा आधी बावचळायचा, मग खरोखरच गूं गूं ऐकून डोळे मोठे करायचा. काकांना त्याचाच आनंद.

ते वाशीमजवळच्या मालेगावचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले. आठवड्यातून दोनदा एसटीने वाशीमला आमच्याकडे डायलिसिसला यायचे. मी तिथली टेक्निशियन. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर छोटं ऑपरेशन करून जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. रक्त तिथून इतक्या जोराने वाहतं की बोटांना थरथर लागते, कान लावला तर आवाज येतो. आम्ही सुया टोचतो त्या त्याच शिरेत. ती थरथर थांबली की डायलिसिस अडलं, आणि डायलिसिस अडलं की माणूसच अडला. गावातल्या ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात, काकांनी तेच नाव तिला देऊन टाकलं होतं.

पहिल्याच दिवशी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी वरच्या पंख्याचं निदान केलं. "याचा कपॅसिटर गेला." पुढच्या खेपेला खिशातून नवा घेऊनच आले आणि आमचं कोणाचं न ऐकता स्टुलावर चढले. तेव्हापासून तो पंखा असा फिरतो की कागद उडतात.

पण विजेच्या खांबांवर जन्म काढलेला हा माणूस सुईला मात्र लहान मुलासारखा घाबरायचा. "पोरी, मांगच्याच जागी टोच वं. तिथं लागत नाई मले." दर वेळी जागा बदलायची, हे मला शिकवलेलं होतं. तरी त्यांचा कसानुसा चेहरा पाहून मी तिथेच टोचायचे. महिनोन्महिने. मला वाटायचं, मी माया करते आहे.

एका सकाळी ते हात पुढे न करताच आले. "पोरी, डीपी मंदावली." शीर आतून अरुंद झाली होती. नागपूरला फुगा घालून ती रुंद करून आणली, पण तीन महिन्यांत पुन्हा आवळली. एकाच जागी टोचणं हेही एक कारण असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. मला अन्न गोड लागेना. शेवटी सगळं कबूल केलं. काका रागावले नाहीत. "जागा दाखवनारा कोन होता? मीच ना?"

दुसऱ्या खेपेस डॉक्टरांनी औषधाचा लेप दिलेला फुगा वापरला. परत आल्यावर काका मलाच समजावू लागले. "फुग्यानं वाट मोकळी होते, पन आत जखम होते. ते भराले शरीर इतका जीव लावते, इतका जीव लावते, का वाटच बुजवून टाकते. हे औषध त्याच जागी चिकटते आन् सांगते, बाबू, भर, पन बेतानं." आणि पुढे म्हणाले, "तुहंही तसंच झालं वं पोरी. भल्ला जीव लावला." सुया मांडायच्या निमित्ताने मी पाठ फिरवली, पण रडू काही आवरलं नाही.

औषधाचीही हमी नव्हतीच. त्या दिवसापासून मी दर वेळी जागा सोडून टोचू लागले. काका ओठ आवळून पंख्याकडे बघत "टोच" म्हणायचे. तीन महिने गेले, सहा गेले. डीपी गुणगुणत राहिली.

गेल्या वर्षी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. परवा दुपारी मी कामावर असताना त्यांचा फोन आला. "इथली पोरगी लय मायाळू हाये. म्हने, काका, जुन्याच जागी टोचू का, लागनार नाई. म्या म्हनलं, नाई वं माय. माह्या वाशीमच्या पोरीनं मना केलं हाये." मग म्हणाले, "थांब जराशीक."

फोन हातावर टेकवल्याचा आवाज आला, सदऱ्याची खसखस झाली. पुढचं काही ऐकू येईना. मी उठून त्यांनीच दुरुस्त केलेला पंखा बंद केला, आणि मग ते बारीक गूं गूं ऐकत उभी राहिले.