सोड म्हणेपर्यंत

उताराच्या रस्त्याला पहिलं वळण लागतं, तिथे मास्तरांचं गॅरेज आहे. मास्तरांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नाही, आणि स्वतः जे काही शिकले तेही वर्गाच्या खिडकीबाहेर बघत. पण ब्रेकचं काम करावं तर यांनीच, म्हणून लोक त्यांना ब्रेकमास्तर म्हणू लागले, आणि पुढे बोलण्याच्या घाईत त्यातला ब्रेक गळून पडला. नव्याने राहायला आलेली एक बाई एकदा मुलाला घेऊन गणिताच्या शिकवणीचं विचारायला आली होती. मास्तरांनी तिच्या स्कूटरचे ब्रेक नीट करून दिले आणि गणिताचं तेवढं दुसरीकडे बघा म्हणाले.

ब्रेकचं बहुतेक काम एकट्याने होतं. चाक उतरवायचं, ड्रम ओढून काढायचा, आतली धूळ ओल्या फडक्याने पुसायची (तोंडाने फुंकणाऱ्याला मास्तर गॅरेजबाहेर काढत), झिजलेली लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, बदलायची. पण शेवटी ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांमधली हवा काढायची असते, तिथे दोन माणसं लागतात. एकाने केबिनमध्ये बसून पेडल मारायचं, मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने गाडीखाली पडून चाकामागचा नट सैल करायचा, हवा आणि तेल बाहेर येऊ द्यायचं, नट पुन्हा आवळायचा आणि मगच ओरडायचं, "सोड!" वरच्याने त्याआधी पाय उचलला की घालवलेली हवा माहेरवाशिणीसारखी हक्काने परत आत येते. मग पेडल मऊ लागतं, दाबलं तर खाली बसतं, आणि गाडी थांबायची तिथे थांबत नाही.

लग्न नवीन असताना एकदा मदतनीस आला नाही, तेव्हा मास्तरांनी घरातून बायकोला हाक मारली. घर म्हणजे गॅरेजच्या मागच्या दोन खोल्याच. तिला केबिनमध्ये बसवलं आणि सांगितलं, "मी धर म्हटलं की धरायचं, सोड म्हटलं की सोडायचं. मध्ये डोकं चालवायचं नाही." तिने धरलं. मास्तरांनी नट आवळला, तेवढ्यात रस्त्यावरून कुणी ओळखीचा गेला. हे उठून त्याच्याशी बोलत चहाच्या टपरीपर्यंत गेले, चहा झाला, गप्पा झाल्या, परत येऊन बघतात तर नवी नवरी स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेली, पाय थरथरतोय, डोळ्यांत पाणी.

"अगं, अजून धरून काय बसलीस?"

"तुम्ही सोड कुठं म्हणालात?"

त्या दिवसापासून पेडलवर दुसऱ्या कुणाचा पाय पडला नाही. पुढे तिचा पाय इतका तयार झाला, की नळीत एखादा बुडबुडा उरला तरी तिच्या तळव्याला कळे. "आहे अजून एक," ती वरून सांगायची. मास्तर खालून म्हणायचे, "नाही गं." आणि नटाला लावून बाटलीत सोडलेल्या नळीतून टुपकन एक बुडबुडा यायचा.

मग तिचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, काठी आली. डॉक्टरांनी उजव्या पायाने जोर लावायला मनाई केली. मास्तरांनी त्याच आठवड्यात ब्रेकची कामं घेणं बंद केलं. पंक्चर काढायचे, क्लच बघायचे. ब्रेकचं नाव निघालं की "खाली बाजारात एकजण चांगला आहे" म्हणायचे. बायकोने कारण विचारलं तर म्हणायचे, "कंटाळा आला." खरं कारण त्यांच्या घशाशी अडकलेलं होतं. हा गुडघा आपल्या पेडलांनी खाल्ला, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

असं चालू असताना एका दुपारी पडदेवाल्यांची पिकअप गॅरेजात आली. पडदेवाले म्हणजे नाटकांना पडदे, महाल, खुर्च्या, सिंहासनं भाड्याने देणारे गृहस्थ. गाडी त्यांच्याइतकीच वापरलेली. तिच्या हौद्यात नाटकाचं सामान, आणि सामानाच्या खाचाखोचांत नटमंडळी, असा तो संसार वर्षानुवर्षं उतार उतरून खालच्या नाट्यगृहात जायचा.

"मास्तर, पेडल खाली बसतंय. संध्याकाळी प्रयोग आहे."

"खाली बाजारात एकजण—"

"खाली जायलाच तर ब्रेक पाहिजेत!"

मास्तरांनी सामान उतरवायला लावलं. भिंतीशी रंगवलेलं अरण्य उभं राहिलं, टायरच्या चळतीवर राजमुकुट बसला, दारात सिंहासन आलं. कपाळावर टिळ्याच्या जागी कायमचा डाग पडलेले एक वृद्ध नट, ज्यांना सगळे महाराज म्हणत, ते त्या सिंहासनाकडे निघाले होते. तेवढ्यात मास्तरांची बायको काठी टेकत काय गोंधळ चाललाय ते बघायला आली.

"बसा वहिनी," महाराजांनी कमरेत लवून हात केला. "राज्य तुमचं."

ती हसत सिंहासनावर टेकली आणि उजवा पाय तेलाच्या डब्यावर ठेवला.

मागचा ड्रम निघाल्यावर घोटाळा दिसला. आतला ब्रेकच्या तेलाचा छोटा सिलिंडर गळत होता आणि लायनर तेलाने ओलं चिंब झालं होतं.

"पुसून घेऊ या की," पडदेवाले म्हणाले.

"तेल प्यालेलं लायनर म्हणजे दारू प्यालेला पहारेकरी. जागेवर उभा दिसतो, एवढंच."

मास्तरांनी सिलिंडर बदलला आणि लायनर दोन्ही बाजूंची बदलली. एकाच बाजूचं बदललं तर गाडी ब्रेक लावल्यावर एकीकडे ओढते. हात चालू लागले तसा त्यांचा चेहरा उजळला. बायको सिंहासनावरून ते बघत होती. कंटाळलेला माणूस असा दिसत नाही.

राहिली हवा. पडदेवाले केबिनमध्ये चढले. मास्तर पेडलपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायला गाडीखाली सरकले.

"मार... मार... धर!"

"धरलं! मास्तर, तुम्हाला आठवतं का, एकदा आमचा विदूषक हौद्यातच झोपून राहिला आणि—"

"पाय उचललात!"

"नाही हो."

"सिनेमातल्या धबधब्यासारखे बुडबुडे आलेत इथे!"

पुन्हा धर, पुन्हा गोष्ट, पुन्हा हवा आत. मग महाराज चढले. महाराजांनी पेडल इतक्या आवेशात मारलं की गाडी हलली, पण 'धर' म्हटल्यावर त्यांना धीर धरवेना; टाळीची वाट बघितल्यासारखं थांबून ते पाय काढून घेत. शेवटी मास्तर बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "गाडी आज जाणार नाही. पेडल मऊ आहे. मी या उतारावर ती सोडणार नाही."

प्रयोग बुडणार, हे सगळ्यांना कळलं.

"मास्तर, नट सैल राहिला असेल," पडदेवाले हळूच म्हणाले.

"माझा नट घट्ट आहे. सैल ते तुम्ही घेऊन आलात."

महाराज सगळ्यात मोठ्यांदा हसले. हसणं ओसरलं तेव्हा सिंहासनावरून आवाज आला, "अहो, मला वर चढवा."

"काहीतरीच काय! डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर उजव्या पायाबद्दल बोलले. डावा काय शोभेला दिलाय?"

मास्तर बघत राहिले. सगळं आयुष्य ब्रेक म्हणजे उजवा पाय, हे डोक्यात असं बसलेलं, की जागेवर उभ्या गाडीचं पेडल डाव्या पायानेही दाबता येतं हे त्यांना सुचलंच नव्हतं. खरं तर तिचं नाव मनात आलं, की ते विचार करणंच थांबवत होते.

"नको," ते कसेबसे म्हणाले. "एक गुडघा माझ्या ब्रेकांनी खाल्ला, तेवढा पुरे."

आत्तापर्यंत जे घशाशी होतं ते असं चारचौघांत, अरण्याच्या पडद्यासमोर बाहेर पडलं. बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"म्हणून कंटाळा आला होता होय? माझ्या मोठ्या बहिणीचे दोन्ही गुडघे गेले. तिनं कुणाच्या गाडीचे ब्रेक धरले होते? आमच्या आईचेच गुडघे तसे. आणि तुम्ही एवढे दिवस हे मनात घेऊन पंक्चर काढताय?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मला त्या खोलीत करमत नाही हो. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही."

मास्तरांनी लाकडी खोकं आणून केबिनच्या दाराशी ठेवलं. एका बाजूने त्यांनी, एका बाजूने महाराजांनी आधार दिला, आणि ती चढली. डावा पाय पेडलवर ठेवला, जागा जरा चाचपली.

"मार... मार... मार... धर!"

"धरलं."

खाली नट सैल झाला. बुडबुडे, तेल, बुडबुडे. नट आवळला. "सोड." एकेक चाक होत गेलं. शेवटच्या चाकाला मास्तर म्हणाले, "झालं."

"आहे अजून एक."

"नाही गं."

"डाव्या पायालाही कळतं मला."

टुपकन एक बुडबुडा आला. मागून स्वच्छ, अखंड तेल. मास्तरांनी नट आवळला आणि तसेच पाठीवर पडून राहिले. वर पत्र्यापलीकडे ती बसली होती. इतकी वर्षं त्यांनी धर म्हटलं आणि तिने धरलं. तिने धरलेल्या त्या पेडलांवर किती माणसं हा उतार उतरून आपापल्या घरी पोचली असतील, हे आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं. तिला कधी बरं केलंस म्हटल्याचं त्यांना आठवेना. डोळ्यांच्या कडांवरून काहीतरी कानात उतरलं. ते ब्रेक ऑइल नव्हतं.

"अहो," वरून आवाज आला. "पुन्हा चहाला गेलात की काय?"

"इथेच आहे," मास्तर म्हणाले. "बरं झालं तू आलीस." आणि मग, "सोड."

सामान भरायच्या आधी मास्तरांनी तिला शेजारी बसवून गाडी उतारावर नेली, वळणापाशी दाबून बघितली, परत आणली. पेडल दगडासारखं घट्ट होतं.

निघताना महाराज हौद्यातून, मुकुट काखेत धरून, वाकले. "वहिनी, आम्ही या गाडीत बसून राजे झालो, भिकारी झालो, मेलो आणि उठून पुन्हा घरी गेलो. डोळा लागायचा कधीकधी मागे. असं निवांत कुणाच्या पायावर झोपत होतो, ते आज कळलं."

"जा आता, पडदा वेळेवर उघडा," ती म्हणाली, पण तिचा चेहरा लाल झाला होता.

पिकअप उतरायला लागली. दोघं वळणाशी उभी राहिली. खाली वाकणापाशी मागचे दोन लाल दिवे लागले, गाडी हळू झाली, दिवे विझले, गाडी पुढे गेली.

"लागले," मास्तर म्हणाले.

परतताना घराच्या पायरीशी ती थांबली. "धरा जरा." त्यांनी दंड धरला. ती पायरी चढली, चौकट ओलांडली, आत पोचली.

"सोडा की आता."

"थांब," मास्तर म्हणाले, "नट आवळायचाय अजून."